चंद्राच्या ताब्यातला रस्ता

व्हर्ना फ्रीसनने आयुष्याची सव्वीस वर्षं मूस जॉ गावातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत काढली. विमा कंपनीचं टोइंगचं टेबल होतं ते. कुणाची गाडी बर्फात रुतली, कुणी हरणाला धडकलं, कुणाचं इंजिन उणे चाळीसला गोठलं, की फोन व्हर्नाकडे. ती नकाशा पाहायची, जवळचा टोइंगवाला गाठायची, फॉर्म भरायची आणि पुढचा फोन घ्यायची. तो सगळा सपाट प्रेअरीचा मुलूख. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि काल जिथे होते तिथेच आज. रस्ता जागेवर असतो हे ती गृहीत धरून चालायची, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

फेब्रुवारीत कंपनीने टेबलावरची चार माणसं कमी केली, त्यात व्हर्ना गेली. मार्चमध्ये ती ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याजवळच्या हॅलोरन बेटावर, बहिणीच्या रिकाम्या घरात राहायला आली, आणि पंधरा दिवसांत बेटावरच्या एकुलत्या एक टोइंगच्या गॅरेजात कामाला लागली. मालक लाइल कितागावा, वय एक्केचाळीस, बेटावरची तिसरी पिढी. त्याच्याकडे एक फ्लॅटबेड होता, म्हणजे बंद गाडी आख्खी पाठीवर घेणारा लांबलचक ट्रक, आणि विम्याच्या कागदपत्रांची जन्मजात धास्ती होती. गाडी दरीतून काढायला सांगा, काढतो, फॉर्म भरायला सांगू नका, असं तो म्हणायचा. व्हर्ना आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

जूनमधल्या एका बुधवारी सिग्ने हॉकनसनची व्हॅन तिच्या दारातच बंद पडली. सिग्ने एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं तिने मासे गोळा करणारी बोट चालवली, मग कण्याच्या दुखण्याने कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून विजेवर चालणारी खुर्ची हेच तिचे पाय. खुर्ची व्हॅनमध्ये चढली की तळातल्या लोखंडी पकडीत अडकायची, आणि सिग्ने खुर्चीत बसल्या बसल्या गाडी चालवायची. बुधवारी व्हॅनची वीज गेली आणि पकड मिटली ती मिटलीच. हाताने उघडायचा खटका खाऱ्या हवेने गंजलेला होता, तो हातात तुटून आला. आगीच्या बंबावरच्या चौघांनी तिला उचलून घरात सोफ्यावर नेलं, पण दोन तास झटूनही खुर्ची सुटली नाही. पकड कापावी तर खुर्चीच्या वायरिंगचा चुराडा. दुसरी खुर्ची आणावी तर सिग्नेचा कणा इतका वळलेला, की ही तिच्या मापाने घडवलेली. दुसरीत तासाभरात अंगाला जखमा व्हायच्या.

ती पकड सोडवू शकणारा माणूस एकच होता, समुद्रापलीकडच्या मोठ्या बेटावरच्या वर्कशॉपातला बार्टली. आणि बार्टली शुक्रवारी पाचला कुलूप लावून तीन आठवडे मुलाकडे निघाला होता. पाचच्या आत व्हॅन पोहोचली नाही, तर सिग्नेला तीन आठवडे सोफ्यावर काढायचे होते. उठणं, बसणं, अंग धुणं, सगळं परक्या हातांनी.

"बटाट्याचं पोतं झालंय माझं," ती फोनवर व्हर्नाला म्हणाली. "इकडून उचल, तिकडे ठेव. आणि लोक माझ्याशी इतकं गोड बोलतात गं, की डोकं फिरतं. काल शेजारीण चमचा घेऊन सूप भरवायला निघाली. हात शाबूत आहेत माझे! चमचा हिसकावून घेतला मी तिच्याकडून."

"शुक्रवारी पोहोचवते मी तुमची व्हॅन," व्हर्ना म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

व्हर्ना असा शब्द उगाच देत नसे. गुरुवारी फेरीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, लांब ट्रकला जागा नव्हती. तिने फेरीच्या बुकिंगवाल्यांना सळो की पळो करून सोडलं, आणि शेवटी शुक्रवारची दुपारची एक चाळीसची फेरी पदरात पाडून घेतली. एवढ्या गर्दीच्या आठवड्यात! ती स्वतःवर खूश होती. संध्याकाळी तिने रुबार्बच्या आंबट देठांचा केक सुद्धा केला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता लाइलने बुकिंगचा कागद हातात घेतला, आणि कॉफीचा कप तसाच टेबलावर ठेवला.

"बाई, ही वेळ कुणी दिली?"

"दिली नाही. भांडून घेतली."

"कोष्टक पाहिलंत का?"

"फेरीचं? पाठ आहे मला."

"फेरीचं नाही हो. पाण्याचं."

खिळ्याला एक पातळ पुस्तिका अडकवलेली होती. मार्चपासून ती व्हर्नाच्या डोळ्यांसमोर लटकत होती, आणि तिला वाटायचं कुणा दुकानाचं कॅलेंडर आहे. लाइलने पान उघडून बोट ठेवलं. शुक्रवार, दुपारी एक बावीस. वर्षातली सगळ्यात खोल ओहोटी.

"पाणी उतरलं की फेरी उतरते," लाइल म्हणाला. "धक्का काही उतरत नाही. मग मधला रॅम्प घसरगुंडीसारखा तिरका होतो. माझा ट्रक व्हॅन घेऊन त्यावर गेला, की शेपूट जमिनीला टेकणार आणि पुढची चाकं हवेत. आजच्या ओहोटीला लांब गाडी घेतच नाहीत ते. बुकिंग असो, काही असो."

"मग पुढची?"

"साडेसहा."

व्हर्नाच्या तोंडचं पाणी पळालं. हॅलोरनवर जन्मलेलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. इथली माणसं लग्नाची तारीख काढताना आधी ती पुस्तिका बघतात. आणि ती, सव्वीस वर्षांच्या अनुभवाची, घड्याळाकडे बघून समुद्राचं बुकिंग करून बसली होती! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मी सांगू का सिग्नेला?" लाइलने विचारलं. माणूस भला होता.

"नाही. शब्द मी दिलाय." तिने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी, मी पाणी बघितलं नाही, माफ करा.

सिग्ने रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, "किती उतरतंय पाणी?"

"कोष्टकातल्या शून्याच्या खाली वीतभर, लाइल म्हणतो."

"वीतभर! फोन दे त्याला."

लाइलने फोन कानाला लावला आणि थोड्याच वेळात त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "म्हातारे, वेड लागलंय का तुला? ... हो, नेला होता माझ्या बाबांनी, पण तो ट्रॅक्टर होता! ... आठ टनांचा ट्रक आहे हा. ... वाटेतल्या त्या खाचेचं, गळ्याचं काय? ... तुला काय माहीत तिथे आता खडी आहे की चिखल? ... बरं. ... बरं म्हणतोय ना!"

फोन ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

हॅलोरन आणि शेजारचं पिकेट बेट यांच्या मध्ये दीड किलोमीटर पाणी. त्या पाण्याखाली खडीची एक अरुंद दांडी आहे, तिला बेटावरचे लोक मधली पट्टी म्हणतात. वर्षात दोन-तीन दिवस, असल्या खोल ओहोटीला, ती तास-दोन तास उघडी पडते. लोक टोपल्या घेऊन शिंपल्या वेचायला जातात, मुलंबाळं नाचतात, आणि पाणी वळायच्या आत सगळे परत येतात. पिकेटचा धक्का तरंगता होता. पाण्याबरोबर वर-खाली व्हायचा, त्यामुळे तिथली छोटी फेरी ओहोटीलाही ट्रक घ्यायची. ती मोठ्या बेटाकडे पावणेतीनला सुटायची.

"सिग्ने म्हणते पट्टीवरून ने," लाइल म्हणाला. "तीस वर्षं बोट घेऊन ती त्या पट्टीवरून गेलीय. शिसं दोरीला बांधून तळ चाचपत जायची. कुठे दगड, कुठे चिखल, तिला पाठ आहे म्हणते. ट्रकमध्ये शेजारी बसून सांगते म्हणते."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटतं जमेल. पण बाई, हा एकच ट्रक आहे माझ्याकडे. रुतला आणि पाणी आलं, तर संपलं. विम्याने हो म्हटलं तर जातो. नाही म्हटलं तर मी सिग्नेसमोर तोंड पाडून उभा राहीन, पण जाणार नाही."

आता गाठ ड्वाइट पेनरशी होती. व्हर्नाच्या जुन्या टेबलावर उरलेल्या दोघांपैकी तो एक. बिचाऱ्याने समुद्र सिनेमात तेवढा पाहिला होता.

"मार्ग बदलायचाय?" ड्वाइट म्हणाला. "रस्त्याचं नाव सांग."

"नाव नाही. मधली पट्टी म्हणतात."

"माझ्या पडद्यावर तिथे निळं दिसतंय."

"निळंच आहे. बारा वीसला निळं राहणार नाही."

ड्वाइटने विचारलं, "व्हर्ना, तिकडे जाऊन प्यायला-बियायला लागलीस का?"

"सव्वीस वर्षं ओळखतोस मला."

"म्हणून तर विचारतोय! हे बघ, फेरीने नेली असं लिहून टाक आणि जा कुठूनही. कोण बघायला येतंय?"

व्हर्नाचा पारा चढला. तिने आजवर एका फॉर्मवर एक खोटी ओळ लिहिली नव्हती, आणि हे तिच्या अंगातलं वेडच होतं. याच वेडापायी दोनदा तिची बढती हुकली होती. "ट्रक रुतला तर फेरीच्या नावाने भरपाई देशील? नाही देणार. मग खोटं कुणाच्या गळ्यात पडेल? लाइलच्या. खरं लिही, ड्वाइट. वाहन समुद्राच्या तळावरून नेलं जाईल, असं लिही."

"समुद्राच्या तळावरून," ड्वाइट पुटपुटला. टाइप केल्याचा आवाज आला. "रस्ता उघडा कधी?"

"बारा वीस ते दोन वीस."

"आणि उघडतं कोण? म्हणजे इथे रकाना आहे. रस्ता कोणाच्या ताब्यात. महापालिका, प्रांत, खाजगी, इतर."

व्हर्नाने खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्याच्या खांबांवर ओल्या शेवाळाचा पट्टा उघडा पडायला लागला होता. सकाळी तो नव्हता. कुणी काही करताना दिसत नव्हतं. वारा नव्हता, लाट नव्हती, आणि तरी सगळाच्या सगळा समुद्र खाली चालला होता.

"चंद्राच्या," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"चंद्राच्या, ड्वाइट. आकाशातल्या."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "भरवसा आहे त्याचा?"

"मिनिटासकट छापलंय. गेल्या वर्षी छापलंय."

"आपल्याकडे बर्फ काढणारी गाडी सांगितल्या दिवशी येत नाही," ड्वाइट हळूच म्हणाला. मग खाकरला. "'इतर' टाकतो. मंजूर. आणि पोहोचलीस की फोन कर. कामासाठी नाही. मला ऐकायचंय."

साडेअकराला लाइलने व्हॅन विंचच्या तारेने ओढून ट्रकच्या पाठीवर घेतली आणि चारी चाकं आवळून बांधली. मग तो घरात गेला आणि सिग्नेला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आला. ट्रकच्या केबिनमध्ये उशा रचून तिला बसवलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. उंच, हाडकुळी बाई, पांढऱ्या केसांची वेणी, आणि लाइलने उचललं तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. ते व्हर्नाने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"लाजतेस काय, पोरी?" सिग्ने खिडकीतून म्हणाली. व्हर्ना अठ्ठावन्न वर्षांची होती. "बूट घातलेस ना उंच? केबिनमध्ये माझ्या उशांनी जागा खाल्लीय. तुला चालायचंय."

उतारावरून ट्रक किनाऱ्याला लागला, आणि व्हर्ना जागच्या जागी थांबली.

समुद्र नव्हता. जिथे मार्चपासून रोज ती पाणी बघत आली होती, तिथे जमीन होती. ओली, काळी, चमकणारी, आणि वाफाळणारी. समुद्री गवत हिरव्यागार केसांसारखं एका बाजूला विंचरून पडलेलं. दगडांच्या कपारीत हाताच्या पंजाएवढे जांभळे तारामासे एकमेकांना बिलगून बसलेले. पायाखालून शिंपल्या पिचकाऱ्या मारत होत्या. सगळीकडून एक बारीक आवाज येत होता, सिस्स, सिस्स, हजारो छोट्या तोंडांनी श्वास घेतल्यासारखा. आणि या सगळ्याच्या मधून, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, खडीची पांढुरकी दांडी थेट पिकेटपर्यंत गेलेली होती. आज पहाटे तिच्यावर दोन पुरुष पाणी होतं. त्या पाण्यातून सील पोहत गेले असतील.

व्हर्नाचे आजोबा मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातले शेतकरी होते. बायबलातली समुद्र दुभंगल्याची गोष्ट ते दर हिवाळ्यात मोठ्याने वाचायचे, आणि लहानपणी तिने ती शेकडो वेळा जांभया देत ऐकली होती. "अरे देवा," ती म्हणाली, आणि हे तिने सवयीने म्हटलं नव्हतं.

लाइलने बेटावर निरोप कसा पोहोचवला होता देव जाणे, पण अर्धं बेट पट्टीवर हजर होतं. शिंपल्या वेचायला आलेच होते, पण आज टोपल्या बाजूला ठेवून ते ठरावीक अंतरावर, दोन्ही कडांना उभे राहिले होते. इथली ही जुनी रीत. पट्टीवरून काही जड न्यायचं असलं, की जिथे खडी संपून चिखल सुरू होतो तिथे एकेक माणूस उभा राहतो. खांब रोवून काय उपयोग, चिखल दर वर्षी हलतो. माणूस पायाने चाचपून बरोबर कडेवर उभा राहतो, आणि गाडी जाईपर्यंत हलत नाही. पोस्टमास्तरीण होती, बेकरीवाला होता, परवा सूप भरवायला निघालेली शेजारीण गुडघाभर बुटांत उभी होती.

"डावीकडे धर," सिग्नेचा आवाज केबिनमधून आला. "आणखी डावीकडे. तिथे बुडालेला ओंडका आहे. पोरा, माझं ऐक, डोळ्यांचं ऐकू नकोस."

"दिसत तर काही नाही!"

"तुला नाही दिसत. तीस वर्षं वरून गेलेय मी याच्या. खालून आज पहिल्यांदा बघतेय." तिचा आवाज मध्येच बदलला. "काय सुंदर आहे रे. मला वाटायचं नुसता चिखल असेल."

ट्रक माणसाच्या चालीने सरकत होता. खडी चाकांखाली करकरत होती. व्हर्ना पुढे चालत होती आणि दर दहा पावलांनी मागे वळून बघत होती, व्हॅन आहे ना, दोर आवळलेले आहेत ना. उभे असलेले लोक बोलत नव्हते. ट्रक जवळून गेला की नुसती मान हलवायचे.

अर्ध्यावर गळा आला. गळा म्हणजे पट्टीतली सखल खाच, वीसेक पावलं रुंद. तिच्यातून अजून पाणी वाहत होतं, पोटरीभर, वेगाने. लाइल खाली उतरला, काठी पाण्यात रोवली आणि तिच्यावर चाकूने खूण केली.

"एक वाजून चार मिनिटं," तो म्हणाला. "थांबायचं."

"किती?" व्हर्नाने विचारलं.

"ते आपल्या हातात नाही."

सगळे थांबले. इंजिन बंद केलं. व्हर्ना काठीकडे बघत राहिली. पाणी खुणेच्या खाली उतरलं. बोटभर. दोन बोटं. वाहण्याचा आवाज बारीक झाला. जन्मभर तिने फोन केले होते, माणसं हलवली होती, तगादे लावले होते. इथे तगादा लावायला कुणी नव्हतं. कुठे तरी, भर दुपारच्या निळ्या आभाळात न दिसणारा चंद्र एवढं पाणी एका अंगाला ओढून धरून होता, आणि त्याला सिग्नेची खुर्ची माहीत नव्हती, बार्टलीचे पाच माहीत नव्हते. तरीही तो वेळेवर होता. व्हर्नाला स्वतःचं लहानपण आठवलं, मोठेपण आठवलं, आणि दोन्ही सारखीच बारकी वाटली. भीती वाटली नाही. बरं वाटलं, आणि का ते तिला सांगता आलं नसतं.

एक वाजून बावीस मिनिटांनी पाणी थांबलं. वाहायचं थांबलं, सिस्स आवाज थांबला, डावीकडचा आणि उजवीकडचा समुद्र आरशासारखा सपाट झाला. एक बगळा उभा होता, तोही हलेना. पट्टीवरच्या साठ माणसांत कुणी खोकलं नाही.

"आता," सिग्ने म्हणाली. "आणि काही झालं तरी थांबू नकोस."

ट्रक गळ्यात उतरला. पाणी घोट्याएवढंच उरलं होतं. पुढची चाकं पार झाली, आणि मागचं उजवं चाक खडीतून खाली बसलं. ट्रक एका बाजूला कलला. वरची व्हॅन करकरली.

"थांबू नकोस!" सिग्ने ओरडली. "डावीकडे वळव! डावीकडे, पोरा, पूर्ण!"

"आणखी रुतेल!"

"कातळ आहे तिथे! शिसं वाजायचं माझं त्याच्यावर! वळव!"

लाइलने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. चाक गरगरलं, चिखल उडाला, बेकरीवाला डोक्यापासून पायापर्यंत माखला तरी जागचा हलला नाही. मग कुठे तरी खाली, खोलवर, रबर दगडाला लागल्याचा आवाज आला. ट्रकने उसळी घेतली आणि पाणी उडवत वर चढला.

पट्टीवर एकच आरोळी उठली. शेजारीण रडत होती. व्हर्नाने हात लावून पाहिलं तर तिचे स्वतःचेही गाल ओले होते, आणि ते समुद्राने ओले केलेले नव्हते.

पिकेटच्या किनाऱ्यावर पोहोचून ती केबिनमध्ये उशांच्या कडेला चिकटून बसली. तेव्हा तिने मागे पाहिलं. माणसं टोपल्या उचलून हॅलोरनकडे परत चालली होती, आणि त्यांच्या मागे गळ्यातली खाच पुन्हा चकाकत होती. पाणी उलटं वाहायला लागलं होतं. रांगायला शिकलेल्या मुलासारखं ते खडीवर हात टाकत टाकत येत होतं. तासाभराने, छोट्या फेरीच्या डेकवरून बघितलं, तेव्हा तिथे नुसता समुद्र होता. मासेमारीची एक छोटी होडी पट्टीवरून निवांत चालली होती. आपण तिथून चाललो होतो का, हे व्हर्नाला आता कुणी शपथेवर विचारलं असतं तर तिला पटकन हो म्हणवलं नसतं.

"तोंड मिट, माशी जाईल," सिग्ने म्हणाली.

"कसं शक्य आहे हो हे?"

"पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं. तुम्ही लोक बघत नाही." मग तिने व्हर्नाच्या हातावर हात ठेवला आणि फेरी लागेपर्यंत काढला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी ट्रक बार्टलीच्या दारात उभा राहिला. दारात त्याची बॅग तयार होती. "साडेसहाच्या फेरीने येताय असं ऐकलं होतं," तो म्हणाला. "मी आशा सोडली होती." लाइलने व्हॅन उतरवली, बार्टली खाली सरकला, आतून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. पाचला पाच कमी असताना एक जाड खट् झालं, आणि पकड उघडली.

खुर्ची उतरवली. लाइलने सिग्नेला तिच्यात बसवलं. कण्याच्या वळणात खुर्चीची पाठ बरोबर जाऊन बसली, तसा सिग्नेने एक मोठा श्वास सोडला. तिने कळ दाबली. खुर्ची जागेवर गोल फिरली, एकदा, आणखी एकदा.

"सिग्ने, काही हवंय का?" व्हर्नाने पुढे होत विचारलं. "पाणी? कॉफी? मी आणते."

"काही नको," सिग्ने म्हणाली. "बाथरूम कुठे आहे?"

बार्टलीने कोपऱ्यातलं रुंद दार दाखवलं. व्हर्ना सवयीने तिच्या मागे दोन पावलं गेली. सिग्नेने मागे न बघता हात वर केला, आणि व्हर्ना थांबली. खुर्ची आत गेली. दार बंद झालं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सिग्ने पुष्कळ वेळ आत होती. नळाचा आवाज आला, बंद झाला, पुन्हा आला. मग ती हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणायला लागली. घड्याळात पाच वाजून गेले. लाइल आपल्या चिखलाच्या बुटांकडे बघत उभा होता. व्हर्ना डोळे पुसत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. बार्टलीने दिवे मालवायला हात वर नेला होता, तो खाली घेतला, आणि बॅगेवर बसून राहिला. कुणी दार वाजवलं नाही.